उजव्या हाताची दौत

आश्विन लागला की दौलतराव कामातून जातात, असं भिलाईच्या सेक्टर सहामधल्या बायका रंभाला चिडवायच्या, आणि रंभाही हसून मान डोलवायची. वर्षभर हा माणूस चारचौघांसारखा असे. कारखान्यात जाई, सायकलचं पंक्चर काढी, वरणात मीठ कमी म्हणून कुरकुर करी. पण पाऊस ओसरला, आभाळ धुतल्यासारखं झालं आणि वस्तीबाहेरच्या नाल्याकाठी कासाचं गवत पांढरं फुललं, की त्यांचं चित्त घरात ठरत नसे. मागच्या अंगणात प्राजक्ताखाली मेज मांडलं जायचं. दुर्गकडून येणाऱ्या बाईकडून उकडलेले शिंगाडे घ्यायचे, त्यांची काळी सालं सोलत निवांत खायचे, हात धुवायचे आणि मग टाक उचलायचा. दुपारी एखादं सीताफळ. उन्हं कलली की नाल्यापर्यंत फेरी. पावसाळ्यात शब्द सादळतात आणि उन्हाळ्यात तडकतात, लिहावं तर आश्विनातच, असलं काहीबाही ते सांगायचे आणि रंभा तोंडाला पदर लावायची.

अशाच आश्विनांतून त्यांच्या दोन कादंबऱ्या झाल्या होत्या. नागपूरच्या एका प्रकाशकाने त्या छापल्या, कुणीकुणी वाचल्या, आणि भट्टीवर काम करणारा माणूस पुस्तकं लिहितो म्हणून चार दिवस कौतुकही झालं. ही तिसरी. ही त्यांच्या आईची होती. मथुरा तिचं नाव. गोंदियाच्या अलीकडे एका रेल्वे फाटकावर तिने जन्म काढला. आल्यागेल्या प्रत्येक गाडीला झेंडी दाखवली आणि स्वतः कधी गाडीत बसली नाही. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. त्यात मथुरा झेंडी गुंडाळून ठेवते आणि पहिल्यांदा गाडीत चढते. आईवर लिहायचं म्हणून दौलतरावांनी दोन पुस्तकं हात साफ करून घेतला होता, असं ते स्वतःच म्हणत.

आणि नेमके डोळे गेले. म्हणजे जात होते. तरुणपणी इंजिनावर फायरमन, मग भिलाईत भट्टीवर. आगीकडे बघण्यातच आयुष्य गेलं, म्हणून असं झालं असं रंभाला वाटे. रायपूरच्या डॉक्टरने मात्र आगीचं नाव काढलं नाही. डोळ्यामागची नस वाळत चालली आहे, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थंडीपर्यंत टिकली तरी पुष्कळ, एवढंच त्याने सांगितलं. कारखान्याने त्यांना आधीच भट्टीवरून उतरवून कॅन्टीनच्या दारात कुपनं घ्यायला बसवलं होतं; आता आश्विनासाठी त्यांनी उरलेली सगळी रजा टाकली. परतीच्या गाडीत, स्टेशन आल्यावर दौलतराव म्हणाले, "एक प्रकरण राह्यलं हाये रंभा. तेवढं झालं पाह्यजे. मंग जाऊ दे डोये."

"तुमी सांगा, कोणी लिहून घेईन," रंभा म्हणाली होती.

"नाई जमत. तोंडानं सांगाले लागलो का मी खोटं बोलतो. हातानं लिहिलं का खरं येते."

आता असल्या माणसापुढे काय बोलायचं? तिने सगळं त्यांच्या मनासारखं करून दिलं. समोर, सरळ रेषेत, रुपयाएवढं त्यांना दिसत होतं; बाकी सगळं धुकं. म्हणून मेजावरची प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागी. मधे कागद. डाव्या कोपऱ्यात लिहून झालेली पानं, पालथी, वर जवळच्या नंदिनी खाणीतला चुनखडीचा दगड. उजव्या हाताशी शाईची दौत, डाव्या हाताशी टाक धुवायच्या पाण्याची. दोन्ही काचेच्या, एकाच मापाच्या. दिवसाचं लिहिणं संपलं की टाक पाण्यात बुचकळायचा आणि फडक्याला पुसून ठेवायचा. मेजाला रंभाशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि रंभाने पानांकडे बघायचं नाही. पुरं झालं की ते स्वतः वाचून दाखवणार होते. ती पोथीतलं एकेक अक्षर लावून वाचणारी बाई, बघून तरी तिला काय कळणार होतं? पण शब्द दिला होता, तो ती पाळत होती.

मधेच भुलाबाईची पाळी तिच्या घरी आली. लाइनीतल्या पोरी मातीची भुलाबाई घेऊन यायच्या, फेर धरायच्या, गाणी म्हणायच्या; त्याला अंगण लागतं. मेज उचलून भिंतीशी गेलं. गाणी झाली, खिरापत ओळखायची वेळ आली. रंभाने झाकणाचा डबा हलवून दाखवला. पोरी लाडू म्हणाल्या, चिवडा म्हणाल्या, शेवटी हरल्या. तेवढ्यात आतून दौलतराव ओरडले, "शिंगाड्याची बर्फी हाये पोट्ट्याहो! मले इथवर वास येऊन राहिला." पोरी रुसल्या. दौलतराव किती दिवसांनी खळखळून हसले. रंभाला त्या हसण्याचंच इतकं बरं वाटलं की ती रात्री देवाला दुसरं काही मागायला विसरली.

सकाळी तिने मेज जागेवर आणलं. दौती घासल्या, एकीत नवी शाई, एकीत नवं पाणी भरलं. पुढ्यात उभी राहून एकेक वस्तू मांडली, कागद, दगड, उजवीकडे शाई, डावीकडे पाणी. तसूभर इकडेतिकडे नाही, म्हणून स्वतःवरच खूश झाली.

त्यानंतरचे दिवस तिच्या संसारातले सगळ्यात चांगले दिवस होते. दौलतराव सकाळी बसायचे ते जेवायला बोलावलं तरी उठायचे नाहीत. प्राजक्ताची फुलं कागदावर पडायची, ती फुंकून टाकायचे. "रंभा, असं तं मले कधीच लिहिता आलं नाई," ते म्हणायचे. "आई सोता सांगून राहिली. ओली ओली ओळ उमटते, पाहून जीव गार होते." रंभा दाराआडून बघायची. टाक दौतीत जायचा, कागदावर सरसर चालायचा, पुन्हा दौतीत जायचा. पालथ्या पानांची थप्पी वाढत होती.

एका दुपारी ते हात धुवायला मोरीवर गेले आणि वाऱ्याची झुळूक आली. दगड नीट ठेवलेला नव्हता. पानं अंगणभर उडाली. रंभा धावली. पहिलं पान उचललं, ते कोरं. दुसरं उचललं, तेही कोरं. लिहिलेली पानं आणखी लांब उडाली असतील म्हणून ती तुळशीपर्यंत गेली. तिथलं पानही कोरं होतं, फक्त वरच्या बाजूला दोन शब्द, निळसर, पुसट, तिसऱ्या शब्दाशी विरून गेलेले. मग तिने मेजाकडे पाहिलं. दौलतरावांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला पाण्याची दौत होती. डावीकडे शाई.

तिने उजवीकडे शाई ठेवली होती, पण ती स्वतःच्या उजवीकडे. मेजाच्या पुढ्यात, त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहून.

तो माणूस इतके दिवस पाण्याने लिहीत होता आणि शाईत टाक धुवत होता; टाकाला उरल्यासुरल्या त्या शाईचे ते दोन शब्द. ओल्या रेघेची काळी छाया त्यांना तेवढ्या रुपयाएवढ्या जागेत दिसायची, आणि पान पालथं पडेपर्यंत ऊन ते पिऊन टाकायचं. तिने पानं गोळा केली, दगडाखाली दाबली. मोरीवरून दौलतराव गुणगुणत येत होते. त्यांनी मान किंचित वाकडी करून तिला आपल्या त्या रुपयात धरलं आणि हसले. "काय व, अशी कावून उभी हायेस?"

बोलायची वेळ हीच होती. हे रंभाला तेव्हाही कळत होतं, नंतर कळलं असं नाही. पण तिच्या तोंडून निघालं, "काई नाई. फुलं येचून राहिली होती." सांगितलं तर हा माणूस आता, इथे, मोडून पडेल आणि शेवट लिहिणारच नाही, असं तिने स्वतःला बजावलं. आधी शेवट होऊ दे, मग सांगू. ते जेवायला आत गेले तेव्हा तिने दौतींची अदलाबदल केली आणि पदराने डोळे पुसले.

शाई मिळाली, पण दिवस फिरले. दोन दिवसांनी भर दुपारी, ऊन अंगणात मावत नव्हतं, तेव्हा दौलतरावांनी विचारलं, "आभाळ आलं का रंभा?"

"हो," ती म्हणाली. "आलं थोडं."

दुसऱ्या दिवशीही आलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. लिहीत मात्र राहिले, कपाळ कागदाला टेकवून. रंभाने आता दिलेला शब्द मोडला आणि त्यांच्या खांद्यामागून पाहिलं. ओळीवर ओळ चढलेली होती, तिच्यावर तिसरी. निळ्या रेघांचा नुसता गुंता. पोथी वाचणाऱ्या बाईला सोडा, पंडितालाही त्यातलं एक अक्षर सुटलं नसतं. दिसत होतं तेव्हाचं पाण्यात गेलं आणि शाई आली ती न दिसणाऱ्या दिवसांना. आणि ती हे बघत उभी होती, आभाळ आलंय असं सांगत.

कोजागिरीच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी त्यांनी टाक धुतला. "झालं," म्हणाले, आणि हात जोडले. त्या दिवसापर्यंत धुकंसुद्धा गेलं होतं; त्यांना दिवस आणि रात्र तेवढी कळत होती. रंभाचा भाऊ गुलाबराव रेल्वेत गार्ड होता. दिवेलागणीला तो येणार, दूध पिणार आणि प्रकाशकासाठी बाड घेऊन नागपूरच्या गाडीवर जाणार, असं ठरलं होतं. दौलतराव धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते. चुलीवर दूध आटत होतं. पोरी भुलाबाईला शेवटचं गाणं म्हणत होत्या, त्यांचा आवाज लाइनीच्या टोकापासून येत होता.

"अवो," रंभा म्हणाली. "मले एक सांगायचं हाये."

"सांग ना."

तिने सांगितलं. दौती, पाणी, वारा, कोरी पानं, सगळं. शाईचा गुंताही सांगितला. बोलताना ती मेजाची कड धरून होती. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "कवा समजलं तुले?"

"पानं उडाली त्या दिवशी."

"त्या दिवशी तुह्या कपायाचं कुंकू दिसत होतं मले."

रंभाचा हात कपाळाकडे गेला.

"पुरं दिसत होतं," ते म्हणाले. "त्याच दिवशी सांगतलं असतं, तं पुन्हा लिहिलं असतं मी. डोक्यात ताजं होतं. कावून नाई सांगतलं?"

"तुमी हासून राहिले होते," ती रडत म्हणाली. "किती दिसानं हासून राहिले होते. माह्या जिवाले झेपलं नाई."

त्यांनी हात पुढे केला. तिने थप्पीतून तुळशीपाशी सापडलेलं पान काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांशी धरलं, बोटं फिरवली. "याच्यात काईच नाई?"

"वरती दोन शब्द हायेत. खाली काई नाई."

"मंग तुलेही आता माह्यावानीच दिसून राहिलं," ते म्हणाले. आवाजात राग असता तर तिला सोसलं असतं. "काय हायेत ते दोन शब्द?"

तिने डोळे पुसले आणि पान उजेडाकडे धरलं. "म, थु... मथुरानं. मथुरानं झेंडी."

"मथुरानं झेंडी," ते म्हणाले. ओठ हलले. चेहरा ताणला गेला. "थांब. येऊन राहिलं. टाक घे."

"मी?"

"मंग कोण? घे लवकर."

ती या वेळी मेजाला वळसा घालून त्यांच्या बाजूला आली, त्यांच्या खुर्चीला लागून उभी राहिली, उजव्या हाताची दौत नाकाशी नेऊन वास घेतला आणि टाक बुडवला. दौलतराव भराभर बोलले. एक लांब वाक्य बोलले. त्यात मथुरा होती, फाटक होतं, गाडीच्या पायरीवर ठेवलेला तिचा उघडा पाय होता. ऐकताना रंभाच्या अंगावर काटा आला. ती लिहायला लागली. म. मग थ, त्याला उकार कुठल्या बाजूला ते आठवून उकार. आयुष्यात सहीपलीकडे न गेलेला हात कागदावर ओढत, दाबत, तिने मथुरानं लिहिलं, झेंडी लिहिली. बाहेर गुलाबरावच्या सायकलची घंटी वाजली. चुलीवर दूध लागल्याचा वास आला. ती जागची हलली नाही.

"लिहिलं," ती म्हणाली. "झेंडीच्या पुढं काय?"

दौलतरावांनी कपाळ मुठीत धरलं.

"अवो, पुढं काय म्हणलं तुमी?"

"गेलं," ते म्हणाले.

अंगणाच्या फाटकाची कडी वाजली. गुलाबराव हाक मारत होता. रंभाने टाक पुन्हा शाईत बुडवला आणि थांबून राहिली.