झुलीखालचे गोचीड

निघोज्याच्या ज्योतीराम तात्यांचा पाखऱ्या बैल बैलगाडा शर्यतीच्या घाटात सुटला, की त्याची सावली मागून चालत येई आणि वाटेत दम खायला थांबे. हे खुद्द तात्यांनी सांगितलेलं, तेव्हा खोटं कोण म्हणणार? अशा बैलाला नजर लागायची, म्हणून तात्यांनी त्याच्यावर बारा महिने मखमली झूल चढवून ठेवली होती. शर्यतीपुरती काय ती उतरे. अंघोळसुद्धा झुलीच्या कडेकडेनं.

यंदा पाखऱ्यानं चारा सोडला. अंगात ताप, पाय लटपटते. कारण शोधायला तात्यांना लांब जावं लागलं नाही. गोठ्यामागच्या खोलीत लातूरकडची आम्रपाली नवऱ्यासह भाड्यानं राहायची. दोघंही चाकणच्या कंपनीत. मागल्या शर्यतीला ती म्हणाली होती, "किती देखणा बैल आहे, तात्या."

चहाच्या टपरीवर चारचौघांत तात्यांनी तिला गाठलं.

"तुझ्या नजरंनं माझा बैल बसला. उद्या खोली रिकामी कर."

"तात्या, मी तर चांगलंच बोलले होते."

"तेच तर नडलं, बाई."

टपरी खदखदली. आम्रपाली अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेली.

सकाळी पाखऱ्या उठेचना, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलवावं लागलं. तात्या नको नको म्हणत असताना बाईंनी झूल ओढली. मानेच्या वळ्यांत, काखेत, शेपटीखाली एरंडाच्या बियांएवढे फुगलेले गोचीड. मखमलीच्या उबेत नातवंडं-पतवंडं खेळवत बसलेले. बाईंनी रक्त तपासायला नेलं आणि दुपारी फोन केला.

"गोचिडांतून जिवाणू रक्तात शिरलेत, तात्या. इंजेक्शनं देऊ, वाचेल. पण इतके दिवस झूल उचलून बघितलं नाहीत?"

तात्यांनी फोन ठेवला. ऐकून गोठ्यातली म्हैससुद्धा मान वळवून बघायला लागली म्हणतात.

आम्रपाली अंथरुणाची वळकटी बांधत होती.

"पोरी, तुझा काय दोष न्हाई. गोचिडानं झालं."

तिनं मान वर केली नाही. "मला एकटीला काय सांगता? टपरीवर सांगा. नजर लावणारी म्हणून नाव झालं, तर मला खोली कोण देणार?"

सामान न्यायचा टेम्पो टपरीपाशीच उभा होता; आम्रपाली नवऱ्यासह सामान तिथं आणत होती. तात्या तिथं गेले आणि सगळं सांगून टाकलं. ऐकून टपरीवाला नवनाथ हसत सुटला.

"तात्यांची नवीन थाप आली बघा. गोचिडानं बैल पाडला."

"मग पुढच्या घाटात गोचीडच जुंपा की, तात्या," बाकड्यावरचा एक म्हणाला.

अख्खी हयात ज्या हसण्यावर गेली, ते तात्यांना आज अंगावर गरम पाणी पडल्यागत लागलं. ते गोठ्यात गेले, झूल आणली आणि बाकड्यावर उलटी पसरली. मखमलीच्या अस्तरात वळवळ सुरू झाली. बसलेले उठले. नवनाथनं ग्लास मागं ओढले.

"ह्ये माझ्या गोठ्यातलं हाय," तात्या म्हणाले. "ह्या पोरीवर मी नुसता आळ घेतला."

कुणी हसलं नाही.

"राहा की, पोरी," तात्या हळूच म्हणाले.

"नको. बैल बरा होईल, तुम्ही परत शर्यतीला न्याल. हरला, तर परत माझंच नाव घ्याल."

तात्यांनी खाली वाकून भांड्यांचं पोतं उचललं. तिचा नवरा सिद्धेश पुढं आला, पोतं त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि टेम्पोत ठेवलं.