बेलगाट्याचा डोंगा

मी डोंगा बोलतोय, एका खोडातून कोरलेली होडी. बेलगाट्याच्या तलावावर माझी तीसेक वर्षं गेली, पण आता मला तिथे शोधू नका. तलावाच्या पलीकडच्या काठावर काचेच्या भिंतींचं मोठं जेवणघर दिसतं ना, त्यात शिरलं की डाव्या हाताला मी आहे. माझ्या पोटात काकड्या, टोमॅटो आणि बर्फ आहे. इथे कसा आलो ते सांगतो. ऐकून कोणावर रागवायचं ते तुम्ही ठरवा. मला ते अजून ठरवता आलेलं नाही.

आधी मी आंब्याचं झाड होतो. आमच्या चंद्रपूरकडच्या झाडीपट्टीत जुन्या मालगुजारांनी बांधलेले तलाव गावोगाव आहेत. माजी मालगुजारी, म्हणून लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. बेलगाट्याच्या तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, मी उभा होतो. एका वैशाखात वादळ आलं आणि मी मुळासकट आडवा झालो. फांद्या लोकांनी सरपणाला नेल्या. खोडाला मात्र भैयाजीने कोणाला हात लावू दिला नाही. भैयाजी ढिवर. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरायचं काम.

"याचा डोंगा होते," तो म्हणाला.

जंगलाकडच्या टोल्यावरून, छोट्या वस्तीवरून, त्याने सुकलूला बोलावलं. सुकलूसारखा वसुला, लाकूड तासायचं हत्यार, चालवणारा माणूस आसपास नव्हता. तो रोज सकाळी यायचा, माझ्यावर कान ठेवून बोटांनी ठोकायचा आणि मग कोरायला बसायचा. बावीस दिवस लागले. शेवटी त्याने मला मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल पाजलं. मजुरी विचारली तर म्हणाला, "मासे धाडत जाय, भाऊ. दुसरं का मागू तुले?" तो गेला त्या वर्षापर्यंत भैयाजीने त्याच्या घरी मासे पाठवले.

पुढची वर्षं साधी होती. पहाटे भैयाजी लांब बांबू रेटत मला पाण्यात न्यायचा, जाळी काढायचा. मरळ, दाढक, झिंगे. मग त्याची बायको टोपली घेऊन सावली गावच्या बाजाराला जायची. भैयाजीची दोन्ही मुलं माझ्या काठाला धरून पोहायला शिकली. थोरला गोपाल घाबरट होता. धाकटा प्रवीण लगेच शिकला, आणि शिकल्यावर माझ्यावर उभा राहून उड्या मारायचा. सांगायला काय हरकत आहे, त्या दोघांत मला प्रवीणच जास्त आवडायचा.

पण तलावावर सगळ्या गावाचं पोट भरत नाही. धान कापून झालं की गावात काम नसतं. माघ लागला की घरंच्या घरं कुलूप लावून तेलंगणात मिरची तोडायला जात. गोपालची बायको कांता लहानग्या दिव्यानीला घेऊन जायची. परत यायची तेव्हा तिची बोटं इतकी जळत असायची की ती काठावर बसून हात पाण्यात बुडवून ठेवायची. दिव्यानीची शाळा दोन महिने बुडायची, ते वेगळंच.

मग जंगलाचं सफारी गेट आमच्यापासून पाच किलोमीटरवर उघडलं. उघड्या जिप्स्या धावू लागल्या. गावातल्या पोरांनी परीक्षा दिल्या, गाइड झाले. त्यांत प्रवीण पहिला आला. एका दुपारी त्याने एक जोडपं तलावावर आणलं. त्यांना पाणपक्षी बघायचे होते. भैयाजीने त्यांना माझ्यात बसवून फिरवलं. परतल्यावर त्या बाई म्हणाल्या, "वाघ नाही दिसला, पण हे जास्त आवडलं."

कांताने ते ऐकलं. आठ दिवसांत तिने बचत गटातल्या दहा बायका जमवल्या, तिच्यासकट अकरा. मी कलंडू नये म्हणून भैयाजीने माझ्या दोन्ही बाजूंना बांबू बांधले. एका वेळी तिघांना फिरवायचं, कांताने पक्ष्यांची नावं सांगायची, मग पाळीवरच्या मांडवात माशाचा रस्सा, भात आणि अंबाडीची भाजी. पहिल्या हिवाळ्यात लोक येतील की नाही अशी धाकधूक होती. दुसऱ्या हिवाळ्यात रांग लागली.

मी खोटं बोलणार नाही. ते दिवस चांगले होते. सलग तीन वर्षं त्या अकरा घरांतलं कोणी मिरचीला गेलं नाही. दिव्यानी बारावी झाली आणि ब्रह्मपुरीच्या कॉलेजात गेली. ज्या बायका पाहुणा दिसला की पदर ओढून घरात पळायच्या, त्या आता "जाकीट घाला, मगच बसा," असं दटावू लागल्या.

अडचणीही होत्या. पावसाळ्यात गेट बंद, म्हणजे चार महिने मांडव रिकामा. एकदा वाघाने गुराख्याला मारलं, तेव्हा तीन आठवडे चिटपाखरू फिरकलं नाही. ज्याच्या घरी मयत झाली त्याला वाघ नको होता, आणि ज्याच्या घरी चूल पेटायची त्याला हवा होता. दोन्ही घरं शेजारी शेजारी होती. लोक चिप्सची पाकिटं पाण्यात टाकायचे, ती जाळ्यात यायची. भैयाजी चिडायचा. कांता सासऱ्याला म्हणायची, "मामाजी, राहू द्या, मी काढतो." आमच्याकडे बायकाही 'काढतो'च म्हणतात.

मग पलीकडच्या काठावर रिसॉर्ट आलं. ती जमीन गावातल्याच चार घरांची. सौद्यात मध्यस्थ प्रवीण होता. रिसॉर्टने त्याला नोकरी दिली. कॉलरचा शर्ट, छातीवर नावाची पट्टी. भैयाजी ती पट्टी सगळ्यांना दाखवायचा.

एके संध्याकाळी प्रवीण मांडवात एक कागद घेऊन आला. कागद इंग्रजीत होता.

"वहिनी, इथी सही करा. गटाच्या अध्यक्ष तुमीच ना."

"कायचा कागद हाय, भाऊजी?"

"कंपनी तुमच्यासाठी पक्का धक्का बांधून देऊन राह्यली. नव्या बोटी बी देते. ग्रामपंचायतीले दाखवाले तुमची संमती पाहिजे."

कांता आठवी शिकलेली. तिने कागद उलटसुलट केला. "दिव्यानी शनवारी येते. तिले वाचू देतो, मंग करतो."

"शनवारपर्यंत कोन थांबते? वहिनी, मी का परका हाव? माह्यावर भरोसा नाई काय तुमचा?"

त्या शेवटच्या वाक्यापुढे तिचं काही चाललं नाही. तिने सही केली. पाठोपाठ उरलेल्या दहा जणींनी केली. त्यांतल्या दोघींनी अंगठा उमटवला, आणि शाईचा हात माझ्याच काठाला पुसला.

धक्का बांधला गेला. बोटीही आल्या, नारिंगी प्लॅस्टिकच्या, मोटारवाल्या. पण त्यांवर नाव रिसॉर्टचं होतं. त्या कागदात लिहिलं होतं की तलावावर पाहुणे फिरवायचं काम दहा वर्षं कंपनीकडे राहील आणि गटाची त्याला हरकत नाही. दिव्यानीने वाचून दाखवलं तेव्हा सगळ्या बायका कांताकडे बघत राहिल्या. कांता कोणाकडेच बघत नव्हती.

मग एकेक गोष्ट झाली. लाकडी डोंगा धोक्याचा आहे म्हणून मला बंदी. मांडव धक्क्याच्या वाटेत येतो म्हणून मांडव काढला. रिसॉर्टसमोरच्या पाण्यात जाळी टाकू नका, पाहुण्यांना दृश्य बिघडलेलं दिसतं, अशी भैयाजीला समज. अकरा बायकांपैकी चौघींना रिसॉर्टात कामं मिळाली, चादरी धुवायची आणि भांडी घासायची. कांता त्यांतली एक. तिला नको होतं, पण दिव्यानीचं शेवटचं वर्ष होतं.

मी पाळीवर पालथा पडून होतो. प्रवीण चार माणसं आणि टेम्पो घेऊन आला.

"बाबा, याले वाळवी लागन. रंग देऊन आनतो," तो म्हणाला.

भैयाजीला बरं वाटलं. त्याने स्वतः एका बाजूने हात लावून मला टेम्पोत चढवलं. प्रवीण मला न्यायला आला याचं मलाही बरं वाटलं होतं.

मला रंग दिला, तेही खरं. मग दोन पायांवर बसवलं आणि ड्रिल लावून माझ्या बुडाला भोक पाडलं. त्यातून नळी काढली. तीस वर्षांत मला दगड लागले, खुंट लागले, ऊन लागलं. पण आत पाणी कधी आलं नव्हतं.

दोन महिने वाट बघून भैयाजी बैलबंडी घेऊन रिसॉर्टच्या फाटकाशी आला. कांताने त्याला सांगितलं होतं मी कुठे आहे ते. पहारेकऱ्याने अडवलं, तेव्हा त्याने प्रवीणच्या नावाने हाका मारल्या. आत पाहुणे जेवत होते. मॅनेजरने घाईघाईने त्याला आत घेतलं.

"बाबा, ही आता आमची वस्तू आहे," मॅनेजर नम्रपणे म्हणाला. "तुमच्या मुलाने दिली आहे. रीतसर."

भैयाजीने प्रवीणकडे पाहिलं. प्रवीण नॅपकिनच्या घड्या करत होता.

म्हातारा माझ्याजवळ आला. बर्फात कोपरापर्यंत हात घालून त्याने माझं बूड चाचपलं. त्याचं बोट भोकावर थांबलं.

"हे भोक काऊन पाडलं, बापू?"

"बर्फाचं पानी जाले, बाबा."

"डोंग्यात पानी येऊ नये म्हनून माही जिनगानी गेली." त्याचा आवाज मोठा नव्हता. "इकलं असतं तं समजलो असतो. माह्या डोंग्याले भोक पाडलं तू?"

"बाबा, मी नाई म्हनलो असतो तं दुसऱ्यानं केलंच असतं. माही नोकरी..."

भैयाजीने पुढचं ऐकलं नाही. ओला हात धोतराला पुसला आणि गेला. बंडी रिकामीच परत गेली. तेव्हापासून तो तलावावर उतरला नाही. कांता मैत्रिणीला सांगत होती, दिवसभर ओसरीत बसून जुनी जाळी विणतो आणि उसवतो.

कांताला त्या हिवाळ्यात जेवणघरात टाकलं. सकाळी मला बर्फ भरायचं काम तिचंच. ती माझ्याशी बोलत नसे. फक्त बर्फ ओतायच्या आधी त्या भोकाभोवती एक फडकं नीट बसवायची.

एका दुपारी पुण्याहून आलेल्या एक बाई माझ्यापुढे ताट घेऊन थांबल्या. त्यांनी माझ्या काठावरच्या वसुल्याच्या खुणांवरून बोट फिरवलं. "किती सुंदर! खरी होडी आहे का? कोणाची होती?"

प्रवीण जवळच होता. तो हसून म्हणाला, "डेकोरेशनसाठी बनवून घेतलीय, मॅडम. कोणाची नाही."

मला भोक पाडलं तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.

कांताच्या हातात बर्फाची बादली होती. तिने ती खाली ठेवली.

"माझ्या सासऱ्याचा डोंगा आहे हा," ती म्हणाली. शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होती. "यात आम्ही अकरा बाया पाहुणे फिरवत होतो. हे साहेब बोलले ते माझे दीर हायत. याचा काठ धरूनच पोहणं शिकले."

त्या बाईंनी ताट ठेवलं आणि प्रवीणकडे पाहिलं. प्रवीण आत निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून कांता जेवणघरात दिसली नाही. तिला मागच्या धुलाईघरात पाठवलं. पुढच्या ग्रामसभेत ती उभी राहिली, असं भांडी घासणाऱ्या बायका बोलत होत्या. म्हणाली, "मी कागद वाचला नाई, हे माही चूक हाय. पन खोटं मी नाई बोललो." तलावाचं काम गटाला परत द्यावं असा अर्ज अकरा जणींनी दिला आहे. निर्णय व्हायचा आहे. दिव्यानी दर शनिवारी येऊन कागद वाचते, प्रत्येक ओळ, मोठ्याने.

मला परत न्या, असं मी म्हणत नाही. भोक पडलेला डोंगा घेऊन तलाव काय करणार? पण तुम्ही आमच्याकडे यायचं थांबवू नका. तुम्ही आला नाहीत तर चार जणींची आहेत ती कामंही जातील. या, वाघ बघा, पक्षी बघा. फक्त होडीत बसताना, भाकर खाताना विचारा की हे कोणाचं आहे आणि पैसा कोणाच्या घरी जातो. तुमच्यातल्या एकीच्या प्रश्नाने कांताला वाचा फुटली, हे मी पाहिलं आहे.

प्रवीण रोज माझ्याजवळून जातो. परवा सकाळी जेवणघर रिकामं होतं. तो आला, थांबला आणि माझ्या काठावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

मग त्याने खिशातून फडकं काढलं आणि त्याच्या बोटांचे ठसे पुसून टाकले.