बाबांच्या नावाची जळू

"हिला आजवर जगात कुणी पाहिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोटो टीपॉयवर ठेवला. "मामांमुळे मिळाली. म्हणून हिला मामांचं नाव द्यावं असं माझ्या मनात आहे."

सासूबाईंनी चष्मा लावला. फोटो उचलून जवळ नेला, लांब नेला. चेहऱ्यावर पाहुण्यांसमोरचं हसू होतं. फोटोत ओल्या पानाच्या टोकावर एक बोटाएवढं काहीतरी ताठ उभं होतं, आणि त्याच्या पाठीवरून निळसर हिरवा पट्टा गेला होता.

"छान रंग आहे. काय आहे हे? सुरवंट?"

"जळू."

सासूबाईंनी फोटो पालथा करून टीपॉयवर ठेवला. "चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या. चहाचा कप मॅडमच्या हातातच होता, अर्धा प्यालेला. आता दुसरा कप कुणासाठी होता हे मॅडमना कळलं नाही आणि मलाही कळलं नाही. आतून नुसताच भांड्यांचा आवाज येत राहिला. शेवटी मीच मॅडमना खाली रिक्षापर्यंत सोडून आले.

मी ह्या घरातली सून. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिथे लोक तोंड उघडायचे पैसे देतात आणि आमच्या घरात फुकटसुद्धा कुणी तोंड उघडत नाही. त्यात सासरे म्हणजे कळसच. ते प्राण्यांच्या सर्वेक्षणाच्या ऑफिसात जीप चालवायचे. मॅडम सरहद्दीवरच्या जंगलात बेडूक, पाली, किडे शोधत हिंडणार, आणि बाबा जीप जिथवर जाते तिथवर नेऊन तिच्याजवळ बसणार. गाडी सोडून हलायचं नाही असा ऑफिसचा नियम होता. आयुष्यभर जंगलात गेले आणि जंगल काही पाहिलं नाही, असं आम्ही त्यांना चिडवायचो. ते हसायचे. ऑफिसात लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणायचे, त्यामुळे सासूबाई आपोआप मामी झाल्या होत्या.

गेल्या वर्षी सकाळी बूट घालता घालता बाबा खुर्चीतच गेले. एक पाय बुटात, एक मोकळा. जातानाही कुणाला त्रास दिला नाही, असं सगळे म्हणाले. मला मात्र त्याचाच राग आला होता. थोडा त्रास द्यायला हवा होता. एवढा तर हक्क होता त्यांचा.

लग्न होऊन आले तेव्हा त्यांची एक सवय मला फार खुपायची. मी वाढायला गेले की ते ताटावर आडवा हात धरायचे. "बास." एकदा वाढलं ते वाढलं, पुन्हा म्हणून घ्यायचे नाहीत. मला वाटायचं, माझ्या हाताला चव नाही. महिनाभर मनातल्या मनात कुढले, मग सोडून दिलं. एकेकाचं पोट लहान असतं, अशी समजूत करून घेतली.

तर त्या संध्याकाळी नवरा गॅलरीत कपडे वाळत घालत होता आणि मी चिमटे देत होते. मी म्हटलं, "एवढं काय झालं आईंना? जळू तर जळू. आपलं नाव कुणी उंदरालासुद्धा देणार नाही."

तो शर्ट झटकत राहिला. मग म्हणाला, "आमच्या घरात तो शब्द काढत नाहीत."

"जळू?"

"हळू बोल."

मग त्याने सांगितलं. तो आठ-नऊ वर्षांचा असताना बाबांची कंपनी बंद पडली आणि ही तिघं मोठ्या काकांकडे राहायला गेली. दोन महिन्यांसाठी गेलेली माणसं दोन वर्षं राहिली. काम मिळत नव्हतं. एका दुपारी सगळे जेवायला बसले होते. बाबांनी अजून थोडं वाढायला सांगितलं आणि मोठे काका म्हणाले, "किती दिवस असा जळवेसारखा चिकटून राहणार आहेस?"

"बाबांचा हात ताटात होता," नवरा म्हणाला. "ते उठले, हात धुतला, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. आईनेही ताट सरकवलं. मी तेवढा जेवलो. मला भूक लागली होती."

त्याच आठवड्यात त्यांनी एका गॅरेजवरची खोली घेतली. सर्वेक्षणाची नोकरी कुणालाच नको होती. आठवडेच्या आठवडे घराबाहेर, तेही सरहद्दीवर. बाबांनी ती डोळे मिटून घेतली. मोठ्या काकांशी भांडण असं कधी झालं नाही. लग्नाकार्याला जाणं-येणं होतं, बाबा गेले तेव्हाही काका आले, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले आणि गेले. पण त्या दुपारबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मी चिमटे घेऊन तशीच उभी राहिले. इतकी वर्षं माझ्या हाताच्या चवीवर घेतलेला तो आडवा हात मला आता कळत होता, आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूसच उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. महिनाअखेरीला लेख पाठवायचा आहे, मामींचं काय ते कळवा. एकदा नाव छापून आलं की ते कायमचं. मग ते कुणालाच बदलता येत नाही, खुद्द नाव देणाऱ्यालाही नाही.

"कायमचं," सासूबाई म्हणाल्या. "जिवंतपणी एकदा चिकटवलं ते पुरलं नाही वाटतं. आता मेल्यावर छापून चिकटवणार."

"मग नाही म्हणून सांगू का?"

"फोनवर नको. बाई घरी येऊन बोलली, आपणही जाऊन बोलावं. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं. आणि तो फोटो द्यायचाय परत."

मी रजा टाकली. बसमध्ये सासूबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होत्या. उतरताना म्हणाल्या, "मी बोलेन. तू मध्ये पडू नकोस." मी कधी मध्ये पडत नाही, पण बरं म्हटलं.

ऑफिसातली मॅडमची खोली म्हणजे भिंतभर बरण्या. पांढऱ्या पोटांचे बेडूक, वेटोळी घातलेले साप, आणि सगळ्यावर स्पिरिटचा वास. मला तो आमच्या दवाखान्यासारखाच वाटला आणि उगाच धीर आला. मॅडमनी खुर्च्यांवरच्या फायली उचलून आम्हाला बसवलं. सासूबाईंनी फोटो टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि सांगायला सुरुवात केली.

सगळं सांगितलं. कंपनी बंद पडल्यापासून ताटावरून उठण्यापर्यंत. आवाज चढवला नाही की डोळ्यांना पदर लावला नाही. "तुमचा हेतू चांगला आहे, ते मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण ह्यांनी तो एक शब्द पुसायला जन्म घालवला. कुणाचं कणभर घेतलं नाही. माझ्याकडूनसुद्धा पाणी मागून घ्यायचे नाहीत, उठून घ्यायचे. आणि तुम्ही तोच शब्द त्यांच्या नावाला बांधणार. मला नाही चालणार."

"मामा एका शब्दाने बोलले नाहीत कधी," मॅडम म्हणाल्या. मग पेन्सिल घेऊन त्यांनी समोरच्या कागदावर एक रेघ ओढली. नाव खोडलं असणार. "विषय संपला. मी दुसरं नाव देते. मामी, माफ करा मला."

सासूबाई उठल्या. काम झालं होतं. आता दार फक्त उघडायचं होतं, तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "त्या दिवशीचं मामांनी घरी सांगितलं होतं का? ही कशी सापडली ते?"

"ते कुठे काय सांगायचे."

"मग तेवढं ऐकून जा. ते तुमचं आहे."

सासूबाई पुन्हा टेकल्या, पण खुर्चीच्या कडेवर.

मॅडम सांगू लागल्या. त्या दिवशी त्या बेडूक शोधायला आत गेल्या होत्या. सरहद्दीच्या खांबापुढे गाडी न्यायला बंदी, म्हणून मामा खांबापाशीच थांबले. दिवसभर चिखल तुडवून मॅडम हात हलवत परत आल्या, तर जीपच्या पायरीवर मामा बसलेले, विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत वर केलेला, आणि पोटरीला जळू. समोर दोन शिपाई. एक अलीकडच्या देशाचा, एक पलीकडच्या देशाचा. एरवी एकमेकांकडे न बघणारे ते दोघं त्या पायावर वाकून सल्ले देत होते. एकाच्या हातात मिठाची पुडी, दुसऱ्याच्या हातात पेटती सिगारेट. आणि मामांनी पोटरीवर आडवा हात धरला होता.

"मी म्हटलं, मामा, काढून टाका की. तर म्हणाले, राहू दे, मॅडम. जेवतेय ती. जेवणाऱ्याला उठवू नये."

मी सासूबाईंकडे बघायचं धाडस केलं नाही.

"मी हसले," मॅडम म्हणाल्या. "मला तेव्हा विनोद वाटला तो. मग तिच्या पाठीवरचा पट्टा दिसला आणि माझं हसू गेलं. असा पट्टा कुठल्याच पुस्तकात नव्हता. मीठ टाकलं असतं तर आखडून गेली असती, चटका दिला असता तर जळाली असती. काही ओळखायला उरलं नसतं. मामा तसेच बसून राहिले. पोट भरल्यावर ती आपली आपण सुटली, आणि मी खाली डबी धरली."

मग दोन वर्षं त्यांनी तिच्या अंगावरची रेघ न् रेघ मोजली, डोळ्यांच्या जोड्या मोजल्या, दातांच्या कडा तपासल्या, दूरदूरच्या संग्रहालयांतून दुसऱ्या जळवा मागवून शेजारी ठेवून पाहिल्या. ही वेगळीच होती. त्यात देशाची भानगड निघाली. जळू नेमकी कुठल्या देशाची? "मामा लघवीला गेले तेव्हा ती चिकटली, तर ते खांबाच्या कुठल्या बाजूला गेले होते, हे मला दोन्ही सरकारांना लेखी कळवावं लागलं," मॅडम म्हणाल्या.

सासूबाईंना हसू आलं. बाबा गेल्यापासून मी ते पहिल्यांदा पाहिलं. लगेच त्यांनी ते पदराआड केलं.

मॅडम उठून कपाटातून एक छोटी बरणी घेऊन आल्या. लाल चिठ्ठी लावलेली. "ही ती. ह्या जातीची पहिली. पुढे कुणालाही शंका आली तर हिच्याशी पडताळून बघायचं. आम्ही नसू तेव्हासुद्धा ही इथेच असेल."

सासूबाईंनी हात पुढे केला. मला वाटलं होतं, त्या हात लावणार नाहीत. त्यांनी बरणी दोन्ही हातांनी धरली आणि खिडकीच्या उजेडात नेली. आत बोटाएवढी जळू, पट्टा फिका पडलेला, आणि शरीराच्या मधोमध काळपट गडद काहीतरी दाटलेलं.

"हे मध्ये काय आहे? काळं?"

"रक्त," मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "मामांचं. पोटात होतं तसंच राहिलंय."

"अजून?"

"अजून. आणि राहील."

मला रडू आवरेना. मी बेडकांच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. बाबांची खुर्ची आम्ही देऊन टाकली होती, कपडे वाटले होते, बूटसुद्धा. घरात त्यांचं म्हणावं असं एका फोटोपलीकडे काही उरलं नव्हतं. आणि इथे, ह्या वासाच्या खोलीत, त्यांचं रक्त होतं.

सासूबाई मात्र रडत नव्हत्या. त्या बरणीकडे टक लावून बघत होत्या.

"म्हणजे प्यायली ही," त्या सावकाश म्हणाल्या. "ह्यांनी पाजलं."

"हो."

"आणि पोट भरेपर्यंत उठवलं नाही."

"नाही."

सासूबाईंनी बरणी टेबलावर ठेवली. कडेला वाटली म्हणून दोन बोटांनी आत सरकवली. "तो कागद द्या इकडे," त्या म्हणाल्या. "खोडलंय ते पुन्हा लिहा. माझ्यासमोर लिहा. आणि पूर्ण नाव लिहा, अर्धंमुर्धं नको."

मॅडमनी सांगितलं की पूर्ण नाव बसत नाही, आडनावाला परक्या भाषेचं एक शेपूट लावतात. सासूबाईंना ते फारसं पटलं नाही, पण त्यांनी चालवून घेतलं.

घरी येईपर्यंत जेवणवेळ टळून गेली होती. मी ताटं मांडत होते. सासूबाई हातपाय धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "मोठ्या भाऊजींना फोन लावून दे."

इतकी वर्षं झाकलेलं आजच का उघडायचं? पण मी मध्ये पडत नाही. फोन लावला. सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू करून समोर ठेवला.

"मोठे भाऊजी, मी बोलतेय."

"बोल." काकांचा आवाज पार थकला होता. बोलण्याआधी श्वास ऐकू येत होता.

"ह्यांचं नाव देतायत एका प्राण्याला. नवीन सापडलाय. सगळ्या जगात त्याच नावाने ओळखणार."

"हो? वा. चांगलं झालं की. कसल्या प्राण्याला?"

"जळवेला."

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती. मला वाटलं, काका फोन ठेवतील. मग वाटलं, आपणच ठेवावा. सासूबाई फोनकडे बघत बसून राहिल्या. त्यांनी पुढे काही म्हटलं नाही आणि काकांची सुटकाही केली नाही. चेहऱ्यावर राग शोधून सापडला नसता. आपल्या माणसाची बातमी होती, ती त्यांनी पोचवली होती.

"त्याला..." काकांनी घसा साफ केला. "त्याला कळलं होतं का हे?"

"नाही. आधीच गेले."

पुन्हा नुसता पंखा. फार वेळाने काका म्हणाले, "तू जेवलीस का?"

एवढंच. पण तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

सासूबाईंनी डोळे मिटले. उघडले. "बसतेच आहे आता," त्या म्हणाल्या. "तुम्ही?"

"माझं व्हायचंय."

"मग जेवून घ्या. पोटभर जेवा. घाई करू नका."

"बरं," काका म्हणाले.

फोन बंद झाला. सासूबाई पाटाशी आल्या. मी वाढलं, त्या मुकाट्याने जेवू लागल्या. ताट अर्धं झालं तसं त्यांनी मान वर केली आणि मला म्हणाल्या, "अजून थोडं वाढ गं."