घराचं कार्ड

शोकसभेत कोठावदेकाकांनी मला न विचारता दोन गोष्टी जाहीर केल्या. पहिली, डिसेंबरात आपल्या वाचनालयात देशभरातल्या संगणकतज्ज्ञांचा मेळावा भरेल आणि तो कैलासवासी वाल्मीक खैरनार यांच्या स्मृतीला अर्पण केला जाईल. दुसरी, त्या मेळाव्याच्या समितीत कुटुंबातर्फे त्यांची कन्या सुवर्णा काम करेल. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे विसरून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत आईशेजारी बसले होते. नको म्हणायची ती जागा नव्हती, आणि काकांना ते माहीत होतं.

मधुकर कोठावदे वाचनालयाचे कार्यवाह. नात्याने आमचे कुणी नव्हेत, पण लहानपणापासून मी त्यांना काका म्हणत आले. बाबा कळवणहून नाशिकला आले तेव्हा ग्रंथपालाची नोकरी त्यांनीच दिली. पुढची सगळी वर्षं दोघांनी एकमेकांना त्याची आठवण करून दिली; एकाने बोलून, दुसऱ्याने न बोलून.

मेळावा काकांच्या डोक्यातून निघालेला नव्हता. मुझफ्फर नावाचा मालेगावचा तरुण इथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. त्याने तो उन्हाळ्यापासून जुळवत आणला होता. बाबांनी वाचनालयाचा कारभार एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर आणला होता. हे सॉफ्टवेअर कुणीही फुकट घ्यावं, हवं तसं आतून बदलावं आणि आपला बदल परत सगळ्यांना द्यावा, अशी त्याची रीत. ते लिहिणारी माणसं गावोगावी आणि देशोदेशी पसरलेली असतात, मेलवरून एकमेकांना ओळखतात आणि अधूनमधून कुठेतरी जमून शेजारी बसून काम करतात. या खेपेस त्यांनी नाशिकला यावं, कारण इथे पाहण्यासारखं काहीतरी आहे, हे मुझफ्फरने त्यांना पटवलं होतं.

ते काय होतं हे सांगायला सोपं आहे. मूळ सॉफ्टवेअर परदेशी. त्यात एक माणूस, एक कार्ड. आमच्या वाचनालयाचं सभासदत्व माणसाचं नसून घराचं असतं. वर्गणी वडील भरतात, पुस्तक बदलायला मुलगा येतो आणि वाचणारी आजी घरी वाट बघत असते. देवघेवीच्या खिडकीशी आलेला प्रत्येक जण पुस्तक पुढे करून एकच विचारतो, हे आमच्याकडे झालंय का? पूर्वी बाबा आठवून सांगायचे. सभासद वाढले तशी आठवण पुरेना, तेव्हा त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये शिरून घराचं कार्ड तयार केलं. पुस्तकाचा क्रमांक टाकला की पडद्यावर यायचं, या घरात हे अमुक वर्षी येऊन गेलं. पन्नाशीनंतर हे सगळं शिकून, वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी बसून त्यांनी ते लिहिलं होतं.

ते फक्त खिडकीवरच्या एका कॉम्प्युटरवर होतं. डिसेंबरात सगळ्यांच्या हवाली करतो, असं बाबांनी मुझफ्फरला कबूल केलं आणि जूनमध्ये ते गेले. मी शाळेत मराठी शिकवते, प्रोग्रॅमिंगमधलं मला काही कळत नाही. पण ते काम या लोकांच्या हातात पडलं तर मूळ सॉफ्टवेअरमध्ये जाईल आणि टिकेल, नाही तर पहिल्याच बदलात वाहून जाईल, एवढं मुझफ्फरने मला समजावलं होतं. म्हणून मी समितीत राहिले.

बैठका वाचनालयाच्या वरच्या खोलीत व्हायच्या. येणाऱ्या लोकांना काय लागतं ते मुझफ्फर सांगायचा: लांब टेबलं, प्रत्येकाच्या पायाशी प्लग, इंटरनेटची धड लाइन, भारनियमनाच्या वेळेत जनरेटर. व्यासपीठ नको, माइक नको. काका ऐकून घ्यायचे आणि मग समई कुठे ठेवायची असं विचारायचे. त्यांना आमदार हवे होते, शाली हव्या होत्या, बाबांचा हार घातलेला मोठा फोटो हवा होता. नुसतं टेबलं लावून बसणार म्हणजे लेखी परीक्षा आहे का, असं त्यांनी विचारलं तेव्हा समिती हसली. मुझफ्फरही हसला. त्याला हसावंच लागायचं.

फोटो नको, मी म्हणाले. काका माझ्याकडे न बघता म्हणाले की फोटो संस्था करणार आहे, कुटुंबाने त्याची काळजी करू नये.

खरं भांडण फोटोवरून झालं नाही. मुझफ्फरला घराच्या कार्डाची एक प्रत आधीच काढून ठेवायची होती. कॉम्प्युटर जुना झाला होता, केव्हाही बसला असता. काका म्हणाले, संस्थेच्या मालमत्तेला बाहेरच्या माणसाने हात लावायचा तर कार्यकारिणीचा ठराव लागेल. 'बाहेरच्या' या शब्दापाशी ते जरासे थांबले. मुझफ्फर कितीतरी वर्षं त्याच वाचनालयाचा सभासद होता. मी भांडले, पुढच्या बैठकीत पुन्हा भांडले. मग काकांनी मनातलं सांगितलं. प्रत उद्घाटनाच्या दिवशी काढायची, सीडीला रिबन बांधायची आणि आमदारांच्या हस्ते तिचं लोकार्पण करायचं. आधीच देऊन बसलो तर समारंभात द्यायचं काय?

"काका, तो नारळ नाही," मी म्हणाले.

"नारळ परवडला. तो निदान सगळ्यांना कळतो."

ठराव काही आला नाही. पाहुणे येणार म्हणून दसऱ्याआधी वाचनालयाला रंग लागला, कपाटं पुसली गेली, पडदे बदलले. एका सभासदाने नवा कॉम्प्युटर देणगी म्हणून दिला. काकांच्या बहिणीचा मुलगा ज्ञानेश, ज्याचं गंगापूर रोडला कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्याने तो आणून बसवला. खंडेनवमीला त्या कॉम्प्युटरला झेंडूची माळ घालून हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. आम्हाला निरोप नव्हता. पुढच्या आठवड्यात मी आईचं पुस्तक बदलायला गेले तेव्हा माळ सुकून पडद्याच्या कडेला तशीच लटकत होती.

माझ्यापुढे कमळाबाई आहेर होत्या, जावेसाठी पुस्तक न्यायला आलेल्या. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. खिडकीवरची शुभांगी म्हणाली, आता ते नाही दिसत मावशी, नवीन आलंय ना.

"मग नवीन कशाला आणलं?" असं म्हणून कमळाबाई पुस्तक परत ठेवायला कपाटाकडे गेल्या.

मी शुभांगीला आमच्या घराचा क्रमांक टाकायला सांगितला. आईचं नाव आलं, पत्ता आला, तिच्याकडे असलेलं पुस्तक आलं. त्याखाली काही नव्हतं. आमच्या घरात काय काय येऊन गेलं ते त्या जागी असायचं. मी ते कधी सबंध पाहिलं नव्हतं. केव्हाही पाहता येईल असं वाटायचं.

ज्ञानेशच्या दुकानात गेले. तो खुर्ची पुसून देत म्हणाला की डेटा पूर्ण घेतलाय, पुस्तकं आणि सभासद, एक नोंद सुटलेली नाही, आणि सॉफ्टवेअरची एकदम ताजी आवृत्ती टाकून दिलीय. बाबांनी स्वतः जोडलेला भाग त्याला माहीतच नव्हता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जुना कॉम्प्युटर त्याने फॉरमॅट करून देवळाली कॅम्पातल्या एका टायपिंग क्लासला विकला होता. मुझफ्फर त्याच दिवशी बसने कॅम्पात गेला. परत आला तेव्हा त्याने चहा नको म्हटलं. डिस्कवर दुसरंच सगळं भरलं गेलं होतं. मुलं त्याच्यावर रोज इंग्रजीची बोटं बसवत होती.

"काकांना काय बोलायचं ते बोला, ताई," तो म्हणाला. "पण खैरनार सरच देत नव्हते. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी होते. दर वेळी एकच, अजून कच्चं आहे."



त्यानंतरच्या बैठकीत मी काकांना सरळ विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून पुसलं. ते म्हणाले, त्यांच्याच. पाहुण्यांसमोर पिवळा पडलेला डबा ठेवायचा नव्हता, आणि पुस्तकं तर सगळी दिसताहेत. मी म्हणाले की पुस्तकं बघायला कुणी केरळहून नाशिकला येत नाही. जे बघायला येत होते तेच तुम्ही पाहुणे येणार म्हणून झाडून टाकलंत.

काकांनी चष्मा काढला.

"तुझ्या वडिलांनी ते कुणाला दाखवलं होतं? मला नाही, शुभांगीला नाही, ह्या मुझफ्फरलासुद्धा नाही. एक माणूस गेला की जे बंद पडतं, ते संस्थेने सांभाळायचं कसं?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

"विचारलं होतं. म्हणाला, मधुकरराव, तुम्हाला नाही कळायचं."

ते बाबांचंच वाक्य होतं. काकांनी आवाजसुद्धा त्यांचाच काढला. समितीत एक जण हसला आणि लगेच खोकला. मी मुझफ्फरकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता.

मेळावा रद्द करायचा की नाही एवढंच आता उरलं होतं. मुझफ्फरचं मत, रद्द करावा. माझं मत, येणाऱ्यांना खरं काय ते कळवावं आणि ठरवू द्यावं. मजकूर मी मराठीत लिहिला, इंग्रजी तो करणार होता. जे पाहायला आपण येणार होता ते आता अस्तित्वात नाही, संस्थेने साफसफाईत ते पुसलं, असं मी लिहिलं. मग घराचं कार्ड काय करायचं ते सविस्तर लिहिलं, खिडकीशी उभं राहून पाहणाऱ्याला दिसायचं तसं. शेवटी, ते पुन्हा तयार करायचं असेल तर या. खिडकी इथे आहे आणि विचारणारी माणसंही.

काकांनी तो वाचला आणि 'संस्थेने पुसलं' खाली बोट ठेवलं. तिथे 'काही तांत्रिक कारणांमुळे' असं हवं होतं. मी नाही म्हणाले. मग हॉल मिळणार नाही, ते म्हणाले. मुझफ्फर हळूच म्हणाला की हॉल त्याच्या कॉलेजातही मिळेल, पण हे काम या खिडकीपासून लांब बसून होणार नाही. माणसं काय विचारतात ते रोज ऐकावं लागेल.

काकांना आपली बाजू वरचढ झाल्याचं लगेच कळलं. पण त्यांनी हॉल अडवला नाही. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"राहू दे तुझं वाक्य. त्याच्या आधी लिही, वाल्मीक खैरनार यांनी हे कुणाला दिलेलं नव्हतं. दोन्ही लिही, नाही तर दोन्ही काढ."

बाबा गेल्यापासून मी त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं होतं. वर्तमानपत्रासाठी, शोकसभेसाठी, दूरच्या नातेवाइकांना. त्यात त्यांच्या विरुद्ध जाणारं एकही वाक्य नव्हतं. खाली रस्त्यावर भाजीवाल्याशी कुणीतरी घासाघीस करत होतं, ती पूर्ण ऐकू आली. मग मी लिहिलं: वाल्मीक खैरनार यांनी हे काम कुणाला दिलं नव्हतं, मागणाऱ्यालाही दिलं नव्हतं.

दुसरा अर्धा भाग काकांनी मागितला नव्हता. मुझफ्फरने तो वाचला आणि म्हणाला, एवढं नका लिहू, ताई. मी ठेवला.

मग अट घालायची पाळी माझी होती. स्मृतीला अर्पण वगैरे काढा, मी म्हणाले, फोटोही. ज्याने दिलं नाही त्याच्या नावाने देण्याचा समारंभ होत नाही. काकांनी तिथेच फोनवरून फोटो रद्द केला, इतक्या सहज की मला राग आला. आमदार राहिले. समईही राहिली.

मेलला उत्तरं आली. काहींनी येणं रद्द केलं. कुणी सांत्वन केलं नाही, आणि ते मला बरं वाटलं. त्रिशूरच्या एका बाईंनी फक्त प्रश्न पाठवले होते. घर म्हणजे नक्की कोण? भाऊ वेगळे झाले तर आधीची वाचलेली पुस्तकं कुणाच्या नावावर राहतात? लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरच्या कार्डावर पुस्तक नेते का? हे आधी ठरलं नाही तर लिहायला सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलं होतं.

मुझफ्फरने प्रश्न समितीपुढे वाचले. भाऊ वेगळे झाले तर पुस्तकं थोरल्याकडे, काकांनी सांगितलं, जणू जमीनच वाटत होते. आणि मुलगी नेत नाही.

"मी दर आठवड्याला नेते," मी म्हणाले.

"आईचं नेतेस. त्या कार्डावर तुझं नाव नाही. लग्न झालं की नाव कमी होतं, नियम आहे. तुझं वाल्मीकनेच कमी केलं, लग्नाच्या त्याच महिन्यात. मी म्हटलं होतं त्याला, राहू दे, कोण बघतंय. ऐकला नाही."

हे मला माहीत नव्हतं. काकांनाही ते बोलल्यावर समजलं असावं, कारण त्यांनी समोरचे कागद विनाकारण एकावर एक नीट लावले. मुझफ्फरचं पेन थांबलं होतं.

"नेते, असं लिहा," मी त्याला म्हणाले.

"नियम बदलायला सर्वसाधारण सभा लागते," काका म्हणाले.

"मग बोलवा."

"तुझ्या एकटीसाठी?"

"मी सभासद नाही ना. मला तिथे बोलताही येणार नाही. तुम्हालाच मांडावं लागेल."

काका मुझफ्फरकडे वळले, त्याने काही बोलावं म्हणून. तो मान खाली घालून लिहीत होता.