तुमच्या आईंची तब्येत

ऑफिसातल्या नमुन्याच्या खुर्चीला चार पाय होते आणि प्रत्येक पायाला एक रबरी टोपी. त्यांतली मागची डावी टोपी बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त झिजली होती आणि तीही एकाच कडेला. म्हणजे खुर्ची रोज ओढली जात होती आणि रोज त्याच दिशेला, खिडकीकडे. धाकटीने हे कधीच टिपलं होतं. खुर्ची कमोडची होती, म्हाताऱ्या माणसांसाठी, बैठकीला मधोमध भोक आणि खाली काढता येणारं भांडं. ऑफिसातली माणसं मात्र भोकावरचं झाकण लावून तिच्यावर बसत आणि खिडकीशी फोनवर बोलत. कंपनीचा माल नियमित वापरणारी गिऱ्हाइकं बघायला गेलं तर तेवढीच.

धाकटी हे तिचं माहेरचं नाव. केसांत पांढरं दिसायला लागलं तरी ते सुटलं नव्हतं. ऑफिसात ती मॅडम होती.

कंपनी काठ्या, न्हाणीघराच्या भिंतीला लावायचे दांडे आणि या खुर्च्या बनवायची. असल्या वस्तूंची जाहिरात दिसली की लोक तोंड फिरवतात. म्हणून साहेबांनी दुसरा मार्ग काढला होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारे काही जण इंटरनेटवर ब्लॉग लिहितात, आणि त्यांचं हजारो लोक वाचतात. त्यांच्याशी नातं जोडायचं आणि त्यांनीच आपल्या खुर्चीबद्दल चार शब्द लिहायचे. विकत घेतलेले शब्द लोकांना लगेच कळतात, नात्यापोटी आलेले कळत नाहीत, असं साहेबांचं म्हणणं. हे नातं जोडायचं काम धाकटीकडे होतं.

त्याची रीत ठरलेली होती. आधी नुसतं वाचायचं आणि खाली लिहायचं, 'डोळे भरून आले.' मग एक पत्र, त्यात घरच्यांची चौकशी करायची, मागायचं काही नाही. मग वाढदिवसाच्या शुभेच्छा. मग एके दिवशी खुर्चीचं खोकं, फुकट. आणि खोकं पोचलं की अगदी सहज, एखादा फोटो मिळाला असता तर.

"आपण मागतोय असं वाटता कामा नये," साहेब सांगत.

चाळीसेक ब्लॉगवाल्यांची दुखणी, नातवंडं आणि मांजरं डोक्यात ठेवून संध्याकाळपर्यंत धाकटीचं डोकं ओल्या पोत्यासारखं जड व्हायचं. डोळे मात्र कुणाच्याच लिखाणाने भरून आले नव्हते. कारण वाचायला वेळ कुठे होता? शेजारच्या टेबलावरचा, जाहिरातींचा मजकूर लिहिणारा मजकूरवाला प्रत्येक ब्लॉगचं दोन ओळींत सार काढून द्यायचा आणि त्यावर ती पत्र बेतायची.

'दुसरी पाळी' नावाच्या ब्लॉगचं सार त्याने असं दिलं होतं: नोकरी करून विसरभोळ्या आईला सांभाळणारी बाई. नाव देत नाही. विनोदी. वाचक धो धो.

धाकटीने पत्र पाठवलं. 'आम्ही सगळे तुमचं लेखन आवर्जून वाचतो. तुमच्या आईंची तब्येत आता कशी आहे?' खाली स्वतःचं नाव, आडनावासकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

"आमच्या आईंची तब्येत बरी आहे," ताई म्हणाली. "तुमच्या आईंचं कसं काय?"

धाकटीला आधी काही कळेना. मग कळलं, आणि तिचे कान गरम झाले.

"ताई, तो ब्लॉग तुझा आहे?"

"आवर्जून वाचता ना सगळे? मला वाटलं, ओळखलं असशील."

"अगं, एका वेळी चाळीस पत्रं जातात..."

"जाऊ देत की. पत्र छान होतं. शुद्धलेखन तर फारच छान. ठेवते हं, आई हाक मारतेय."

ताई चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

धाकटीला हे कुणाजवळ तरी बोलावंसं वाटलं आणि जवळ मजकूरवालाच होता. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. चहाच्या वेळेपर्यंत गोष्ट साहेबांच्या कानावर गेली.

"सख्खी बहीण?" साहेब उठून उभेच राहिले. "अहो मॅडम, इथं आपण परक्यांच्या दारात उभे राहतोय आणि तुमच्याकडे नातं आयतं पडून आहे! आईंचा एक फोटो फक्त. आपल्या खुर्चीत, हसऱ्या." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वरून विचारणा चाललीय, हा विभाग ठेवायचा की नाही म्हणून. तुमच्यासाठीच सांगतो."

पडून आहे, हे साहेब अगदी खरं बोलले होते.

आई ताईकडे राहायला गेली त्याला आता काही वर्षं झाली होती. मागच्या हिवाळ्यात ताईने एकदाच विचारलं होतं, "सहा महिने नेशील का गं आईला?" धाकटी म्हणाली होती, "बघते." तिसरा मजला होता, लिफ्ट नव्हती, नवऱ्याची नोकरी फिरतीची, तिचं हे ऑफिस. सगळी कारणं खरी होती, आणि खरी असल्यामुळेच ती इतके दिवस पुरली. ताईने पुन्हा विचारलं नाही. घोंगडं भिजत राहिलं ते राहिलंच.

शनिवारी धाकटीने 'दुसरी पाळी' पहिल्यापासून वाचायला घेतली. आई चमचे बुटांत लपवते, आई आरशातल्या बाईला बसायला सांगते, आई ताईला पगार किती मिळतो ते विचारते आणि ऐकून हळहळते. वाचताना धाकटी दोनतीनदा मोठ्याने हसली. मग एका जागी हे आलं: 'बहिणीचा फोन येतो. ती म्हणते, "बरं आहे ना सगळं?" तिच्या प्रश्नातच उत्तर घातलेलं असतं. मला फक्त हो म्हणायचं असतं.' त्याखाली पन्नासएक लोकांनी लिहिलं होतं की आमच्याकडेही अशीच एक बहीण आहे. त्यांच्यामध्येच कंपनीच्या नावाने एक प्रतिक्रिया होती, 'डोळे भरून आले.' ती तिनेच टाकलेली होती.

रविवारी ती खोकं घेऊन ताईच्या दारात उभी राहिली.

"या, कंपनी," ताई म्हणाली. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती, चेहरा मात्र तोच. "केवढं खोकं हे! इथे नको ठेवूस, तिथे आत्ताच पुसलंय. आई, बघ कोण आलंय. धाकटी."

आई पलंगावर बसून कपड्यांचे चिमटे रंगांप्रमाणे लावत होती. तिने वर पाहिलं. "धाकटी शाळेत गेलीय. या कोण बाई?"

"या खुर्ची विकायला आल्यात," ताईने सांगून टाकलं.

"अस्सं? केवढ्याला?"

"फुकट देतायत."

"मग मोडकी असेल," आई म्हणाली आणि पुन्हा चिमट्यांकडे वळली.

दोघी बहिणी हसल्या. ताईचं हसणं मध्येच थांबलं, चालता चालता दम लागावा तसं.

धाकटीने खुर्ची जोडली. स्क्रू आवळता आवळता, मान खाली ठेवूनच, तिने साहेबांचं सगळं सांगितलं. सांगताना तिला जाणवलं की आपण रीत सोडली आहे. सरळ मागतो आहोत.

"एवढंच ना? टाकते की फोटो," ताई म्हणाली. "आत्ताच काढ, आई खुशीत आहे."

"तुला चालेल? आईचा असा फोटो, या खुर्चीत?"

"न चालायला काय झालं? ब्लॉगवर जातं ते निम्मं. उरलेलं निम्मं मी धुते. तुझी नोकरी राहिली म्हणजे झालं." ताईने टाचेने खुर्ची थोडी ढकलून पाहिली. "आणि खरं सांगू? नाही म्हणायलासुद्धा जोर लागतो गं. तो मी जपून वापरते. जा, कंगवा आण आत जाऊन, आईचे केस नीट करू."

कंगवा न्हाणीघरात होता. तिथे नळापासून दाराच्या कडीपर्यंत एक जुनी चादर पिळून बांधलेली होती. आईला धरून चालता यावं म्हणून. चादर मध्यावर हातांनी काळी पडली होती आणि नळाकडची गाठ सुटत आली होती. धाकटी ज्या टेबलावर काम करायची त्याच्या खाली भिंतीला लावायच्या दांड्यांची खोकी होती. ती त्यांच्यावर पाय ठेवून बसत असे.

तिने गाठ सोडून घट्ट बांधली, दोनदा ओढून पाहिली आणि कंगवा घेऊन बाहेर आली.

ताई खुर्चीत झोपली होती. क्षणभर टेकली असावी. डोकं एका खांद्यावर, तोंड अर्धवट उघडं, हातात पोछा तसाच. आईने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू," ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय."

"कोण आहेत या?" धाकटीने तितक्याच हळू विचारलं. का विचारलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

"इथंच असते. रात्री दहादा उठते माझ्यासाठी. स्वभावाने चांगली आहे, जरा चिडते एवढंच." आईने एक पिवळा चिमटा पिवळ्यांत ठेवला आणि थोडा विचार केला. "तिला कुणी नाही वाटतं."

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. आईचे केस विंचरले, सावकाश, एकेक गुंता बोटांनी सोडवत. आईने मान हलवली नाही. ज्या कुणा बाई होत्या, त्यांचा हात तिला चालला असावा. घरी तिसरा मजला तिसराच राहणार होता. लिफ्ट येणार नव्हती. नवरा महिन्यातले निम्मे दिवस बाहेर असणार होता, आणि उद्या साहेबांना काय सांगायचं हेही नीट माहीत नव्हतं. काहीच सोपं झालं नव्हतं. तिने हे सगळं एकदा मनात मांडलं, आणि आजवर जिथे थांबायची तिथे ती या वेळी थांबली नाही.

पोछा खाली पडला. ताई दचकून जागी झाली.

"अगंबाई, झोपले का मी? काढलास फोटो?"

"नाही."

"काढ मग पटकन. हिचं जेवण व्हायचंय."

"नाही काढत, ताई," धाकटी म्हणाली. कंगवा खाली ठेवून तिने, नीट ऐकू जाईल असं, सांगितलं, "आईला मी घेऊन जाते. सहा महिने नाही. तुझी झोप पुरी होईल तोवर."