एकशे आठ प्रदक्षिणा

ज्याने जगाला विद्या वाटावी आणि आपल्याच घरातले लेकरू तिच्यावाचून उपाशी ठेवावे, त्याच्या पांडित्याला काय म्हणावे? १९५१ सालच्या एका शुक्रवारी हा प्रश्न नृसिंहशास्त्र्यांच्या अंगणात येऊन उभा राहिला.

शिवाजी पेठेतल्या आपल्या घराच्या ओसरीवर शास्त्रीबुवा तीस वर्षे विद्यार्थ्यांना वैद्यकी शिकवीत आले होते. अस्थी, शिरा, आशय, देहातले एकेक स्थान त्यांना श्लोकांनिशी मुखोद्गत होते. मात्र गर्भाशयाचा पाठ निघाला की आतल्या बायकामुलींच्या कानी पडू नये म्हणून माजघराचे दार लोटून घ्यायचे, ही शिस्त त्यांनीच घरात घालून दिली होती.

आदल्या दिवशी त्यांची बारा वर्षांची नात लीला जवळ येऊन म्हणाली होती, "आजोबा, अंबाबाईच्या नैवेद्यातला पेढा आधीच खाल्ला, तर प्रायश्चित्त काय हो?"

पोथीतून डोके वर न काढता ते म्हणाले, "तुळशीला एकशे आठ प्रदक्षिणा घालाव्या, आणि पेढा कसा होता ते आजोबांना सांगावे."

पोर हसली नाही, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

शुक्रवारी दुपारी लीला तुळशीपाशी भोवळ येऊन पडली. तिची आई कालिंदी धावली. शेजारची बयाबाई हाक न मारताच आली. शास्त्रीबुवांनी नाडी धरली. ती पार खोल गेली होती.

लीलेने डोळे उघडले. "आजोबा, एकशे आठ झाल्या. परवापासून जेवले पण नाही. तरी थांबत नाही."

"काय थांबत नाही, बाळ?"

"रक्त. मी मरणार का हो?"

"अगं, आजोबांपुढं काय बोलतेस!" कालिंदीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

बयाबाई हसली. "आगं, शाणी झाली की पोर! कावळा शिवला म्हणायचं आन् चार दीस कोपऱ्यात बसायचं. झालं! पर तुळशीभवतीनं फिरलीस व्हय? अरं देवा, इटाळ!"

"पुरे!" शास्त्रीबुवा असे कडाडले की ओसरीवरचे विद्यार्थी उठून उभे राहिले. "तुळस वाळलीच तर माझ्या पापाने वाळेल! ज्या योजनेने परमेश्वर मनुष्य घडवतो, तिला कावळ्याचे नाव? लेकराने देवीचा कोप डोक्यावर घेऊन अन्न सोडले, मरणाची वाट पाहिली, आणि आपण म्हणतो, झालं!"

"मग काय शाळा काढताय असल्या गोष्टींची, शास्त्रीबुवा? पोरी बिघडतील की!"

"तुम्हाला कोणी सांगितले होते, बयाबाई?"

बयाबाईचा आवाज एकाएकी उतरला. "न्हाय. सासरी हुते. आदल्या दिशी हिरीवर पाय घसरलेला. वाटलं, आत कायतरी फुटलं. कुणाला बोलले न्हाय."

"कालिंदी, तुला?"

"मी आईला विचारलं, मामंजी. आईनं थोबाडीत दिली."

शास्त्रीबुवा माजघराच्या दाराकडे पाहत राहिले. परक्यांच्या मुलांसाठी तीस वर्षे तोंड चालले होते, आणि तेवढीच वर्षे हे दार आपल्या हुकमाने मिटत होते. त्यांचा सगळा संताप स्वतःवरच उलटला.

"पोरीला आधी मऊ भात दे," ते म्हणाले, "मग रांगोळी घे. मी दाराशी बसून सांगतो. मला संकोच होईल तिथे तू बोल. पण तिला आज सगळे कळले पाहिजे."

विद्यार्थ्यांना त्यांनी घरी धाडले. कालिंदीने माजघराच्या फरशीवर रांगोळी सोडली. पेरूएवढा गर्भाशय उमटला. दर महिन्याला त्यात बाळासाठी अंथरूण तयार होते आणि बाळ आले नाही म्हणजे ते रक्ताबरोबर बाहेर टाकले जाते, हे सांगता सांगता तिचा आवाज स्थिर झाला.

"म्हणजे रोग नाही?"

"नाही गं."

"आणि पेढा?"

"पेढ्याचा काही संबंध नाही," शास्त्रीबुवा दाराशी म्हणाले. "प्रायश्चित्त मी चुकीच्या माणसाला दिले, बाळ. ते माझे होते."

कुंपणापलीकडे आपल्या अंगणात परतलेली बयाबाई तिच्या पोरीला ओरडून सांगत होती, "ए ताने, हिकडं ये! शास्त्रीबुवांच्यात जाऊन बस जा, सांगत्यात ते नीट ऐक!"

तानी आली, परकर सावरून लीलेशेजारी बसली. शास्त्रीबुवांनी दाराला पाट लावून ते उघडे ठेवले आणि दोघींकडे पाहत हलकेच म्हणाले, "निर्भय असा, बाळांनो. तुमच्या लेकींनाही हे तुमच्याच तोंडून कळो."