पुजलेली चौकट

सारजाबाईने हात डोक्याच्या वर ताणून चौकटीची उंची दाखवली, तेव्हा बद्रीनाथ सुताराने करवत खाली ठेवली.

"वैनी, डोंगरावरच्या घराला एवढं दार? आत हत्ती बांधायचाय काय?"

"हत्ती नाय. आमचे मालक यायचेत," सारजाबाई म्हणाली. "खालच्या घरात जलमभर कपाळ आपटून घेतलं त्यांनी. हे तरी त्यांच्या मापाचं होऊ दे."

बद्रीनाथने चतुराबाईकडे पाहिले. ती भिंतीच्या दगडांत चिखल चेपत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले होते.

मालक म्हणजे बन्सी. सारजाबाई त्याची थोरली बायको, चतुराबाई धाकटी. थोरलीला मूल होईना म्हणून धाकटी आणली, तर तिलाही झाले नाही. गावातल्या टवाळांना हा विषय वर्षानुवर्षे पुरला. कुणी फार चिडवले तर बन्सीच हसून म्हणायचा, "दोन हिरी खणल्या अन् दोन्हीकडं खडक लागला. आता हिरीला काय बोल लावता, खणणाऱ्याला लावा."

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात, रझाकारीच्या धामधुमीत, गावची काही पोरे निजामाविरुद्ध लढायला घाट उतरून त्याच्या हद्दीबाहेर खानदेशात गेली होती. त्यांना भाकरी आणि घरचे निरोप पोचवायला बन्सी निघाला आणि घाटातल्या नाक्यावर धरला गेला. त्यानंतर तो गावात कुणाला दिसला नाही. भाद्रपदात निजामाचा अंमल संपला, तुरुंगांची दारे उघडली. सारजाबाई देवगाव रंगारीपर्यंत बैलगाडीने आणि पुढे लॉरीने औरंगाबादला गेली. तुरुंगाच्या दारासमोर बसून तिने बाहेर पडणारा एकेक माणूस डोळ्यांखालून घातला. एक जण म्हणाला, बन्सी नाक्यावरच मार खाऊन पडला तो उठलाच नाही. दुसरा म्हणाला, छे, तो खानदेशात उतरला, मी पाठमोरा पाहिला त्याला. सारजाबाईने पाठमोरा बन्सी घेतला आणि घरी आली.

चतुराबाईने पहिल्या माणसाचे खरे मानले. पण तिच्या मानण्याला किंमत नव्हती. जातीच्या पंचांनी सांगून टाकले होते की थोरलीने कुंकू पुसल्याशिवाय धाकटीचे पुसत नाही. त्यामुळे दोघीही रोज सकाळी कपाळ भरत, एक आशेने आणि एक तिच्यामुळे.

थोरला दीर नानासाहेब. त्याने दोघींना दोन वर्षे गोठ्याशेजारी ठेवले आणि मग बन्सीचा वाटा म्हणून डोंगरावरचे बरड दिले. खालची काळी जमीन स्वतःकडे ठेवली. बरडावर कुणी राहिले नव्हते. चतुराबाई म्हणाली, भांडू. सारजाबाई म्हणाली, घेऊ. तिचे कारण वेगळे होते. त्या माळाच्या टोकावरून घाटातून येणारी पायवाट दिसायची.

दिवाळी झाल्यावर एक गाय, दोन शेळ्या आणि जाते घेऊन त्या वर चढल्या. खोपीत राहून घराचे दगड गोळा करू लागल्या. खालच्या गावात वारा म्हणजे उफणणीच्या वेळी आठवण काढायची वस्तू. इथे तो आधीपासून राहणारा होता आणि यांनाच त्याच्याशी जमवून घ्यायचे होते. डोक्यावरची घागर तो सरळ खाली पाडी, म्हणून त्या कडेवर पाणी आणायला शिकल्या. झिऱ्याचे पाणी कड्याखाली होते. एक खेप झाली की पुन्हा पाणी साठेपर्यंत बसून राहावे लागे, म्हणून त्या तिथेच ज्वारी निवडायला शिकल्या. पौषात बिबट्याने एक शेळी नेली. दुसरी त्यानंतर खोपीत चुलीजवळ झोपू लागली.

"खाली सासू नव्हती, इथं शेळी झाली," चतुराबाई म्हणाली. "अंथरूण टाकायच्या आधी तिला जागा."

सारजाबाईला हसू आले. सवतीच्या बोलण्यावर आपण हसतो आहोत हे तिच्या लक्षात आले तेव्हा तिने चुलीत उगाच एक काटकी सारली. खालच्या घरात त्यांच्यात बोलणे असे नव्हतेच. जे काही होते ते बन्सीच्या मार्फत, आणि बन्सी गेल्यावर तेही नाही.

दरीपलीकडच्या वाडीतला फकिरा आढ्याचे लाकूड डोंगरावर वाहून आणायला आला होता. बायको जाऊन त्याला तीन वर्षे झाली होती. अबोल माणूस. काम झाल्यावर भाकरी खाल्ली, हात धुतले आणि निघाला. आठ दिवसांनी त्याची चुलती मनकर्णाबाई धापा टाकत डोंगर चढून आली.

"सारजे, आडवळणानं बोलायला मह्यात आता दम उरला नाय. फकिरा चतुरासंगं पाट लावायचा म्हणतोय."

"नवरा जिता असलेल्या बाईचा पाट?"

"कुठं जिता हाये ते सांग, आणायला मी जाते."

"खानदेशात हायेत."

"तीन वर्स? खानदेश काय समुद्रापार हाये?" मनकर्णाबाईने आवाज खाली आणला. "तुला थांबायचं तर थांब बाई. पण त्या पोरीला काऊन बांधून ठेवायलीस?"

चतुराबाई त्या वेळी झिऱ्यावर होती. ती आल्यावर सारजाबाईने तिला काही सांगितले नाही, आणि मनकर्णाबाई वाटेत भेटूनही चतुराबाईने काही विचारले नाही. ती घागर ठेवून चिखल तुडवायला लागली. सारजाबाई तिच्या पायांकडे पाहत राहिली. ही गेली तर या माळावर आपण, गाय आणि शेळी. पाठमोऱ्या माणसाला हाका मारत राहणे दोघींत सोपे होते. एकटीला ते जमेल की नाही याचा तिला भरवसा नव्हता. हे तिने कुणाला बोलून दाखवले नसते.

फाल्गुनात चौकट उभी राहिली. सारजाबाईने दाराचे तोंड घाटाकडे ठेवले होते. हळदकुंकू, आंब्याचा डहाळा, नारळ, सगळे रीतसर झाले. दोघी सवाष्णी, म्हणून दोघींनी पूजा केली. बद्रीनाथने नारळाचा तुकडा तोंडात टाकला आणि पुन्हा एकदा बोलून पाहिले.

"वैनी, दार उंच म्हणून पुढची भिंत उंच. भिंत उंच म्हणून छपराची वळचण वर जाणार. घाटातला वारा खालून शिरंल. अजून सांगा, वीतभर कमी करतो. एकदा का आज दिवस मावळला, तर पुजलेल्या चौकटीला मी हत्यार लावायचा नाय. घरात माणूस गेलं तरच लावतेत, तुम्हाला ठावं हाये."

"लावू नकोस," सारजाबाई म्हणाली.

चैत्रात छपरावर गवत चढले. पेंढ्यांच्या ओळी बांधून झाल्या, वरची शेवटची दोरी आवळायची राहिली होती. त्या दुपारी घाटाच्या खिंडीतून वावटळ उठली आणि माळावर आली. दाराला अजून फळ्या नव्हत्या. वारा त्या उंच चौकटीतून आत घुसला, वर जायला वाट शोधू लागला, आणि पुढच्या बाजूचे छप्पर सुपासारखे वर उचलले गेले.

सारजाबाईने लोंबणारी दोरी धरली आणि तिच्यासकट ओढली गेली. चतुराबाई आपणहून भिंतीवर चढली, पोटावर आडवी झाली आणि दोन्ही हातांनी छप्पर दाबून धरले. थोडा वेळ ते टिकले. मग एक आडवा बांबू सुटला आणि तिच्या खांद्यावर बसला. ती दगडांच्या ढिगावर पडली. पडताना तिने "अक्का" अशी हाक मारली. सारजाबाईला ती अशी हाक कधी मारत नसे.

पलीकडून फकिराने छप्पर उडताना पाहिले होते. तो दरी उतरून, चढून आला. त्याने चतुराबाईला पाठीवर घेऊन खालच्या गावात हाड बसवणाऱ्याकडे नेले आणि संध्याकाळच्या आत परत आणले. उजवा हात खांद्यापासून बांधलेला होता. त्याने तिला खोपीत टेकवले आणि सारजाबाईकडे न बघता म्हणाला, "महिनाभर हालवायचा नाय म्हणलेत." मग उरलेल्या उजेडात माळावर विखुरलेल्या पेंढ्या गोळा करून दगडांखाली दाबल्या आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून सारजाबाईला सवतीचे सगळे करावे लागले. घास भरवणे, अंग पुसणे, लुगडे नेसवणे.

"नेसवतीस का पोतं शिवतीस?" चतुराबाई म्हणायची. "श्वास घेऊ दे की."

"घे की. मी काय नाकाला गाठ मारलीय?"

सकाळी वेणी घालताना सारजाबाईला चतुराबाईच्या भांगाजवळ पांढरे केस दिसले. एखाददुसरा नव्हे, चांगली बट. तिशीही उलटली नव्हती पोरीची. ही घरात आली तेव्हा केस एवढे दाट होते की फणी मोडायची, आणि सारजाबाईने मनातल्या मनात त्या केसांना किती शिव्या दिल्या होत्या. तिने वेणी घातली. मग करंडा उघडला, कारण चतुराबाईचा हात बांधलेला होता आणि कपाळ भरणेही आता सारजाबाईकडेच आले होते.

आजवर ती स्वतःच्या कपाळाला लावत आली होती. ते तिचे तिने ठरवलेले. आता बोट कुंकवात बुडवून दुसरीच्या कपाळाजवळ न्यायचे होते. पहिल्या दिवशी लावले. दुसऱ्या दिवशी लावले. चतुराबाई डोळे मिटून कपाळ पुढे करायची, दंडावर कुणी डाग द्यायला आले आहे अशी. आठवडाभर असेच चालले. मग एका सकाळी सारजाबाईचे बोट कपाळापाशी जाऊन थांबले.

चतुराबाईने वाट पाहिली. मग डोळे उघडले.

"काय झालं?"

"काय नाय." सारजाबाईने बोट लुगड्याला पुसले, करंडा मिटला आणि उठली. "शेळी सोडायचीय."

शेळी सोडून ती तशीच डोंगर उतरली आणि बद्रीनाथच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"चौकट कापायची. चल."

बद्रीनाथ रंधा मारत होता. त्याने तो बाजूला ठेवला. "वैनी, त्या दिवशी मी सांगितलं होतं. पुजलेली चौकट हाये. उद्या माणूस म्हणंल, बद्रीनं पैशासाठी हत्यार लावलं. तुमच्या घरातलं कोण गेलं ते सांगा, मग मी हात लावतो."

सारजाबाईने नवऱ्याचे नाव आजवर तोंडाने घेतले नव्हते. लग्नात उखाण्यासाठी बायकांनी अडवून धरले होते, तेव्हाही ती पुटपुटून निसटली होती. ती आता अंगणात उभी होती. बद्रीनाथची बायको ओट्यावर डाळ पाखडायची थांबली होती.

"बन्सी गेला," सारजाबाई म्हणाली.

बद्रीनाथने डोक्यावरचे मुंडासे काढले. मग तो आत जाऊन करवत घेऊन आला.

चौकट कापताना चतुराबाई खोपीच्या तोंडाशी उभी राहून पाहत होती. बद्रीनाथ आपले काम करत राहिला. सारजाबाईने कपाळ पुसले होते, बांगड्या दगडावर फोडल्या होत्या. चतुराबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढलेला होता.

"मला इचारलं का? मी मागितलं होतं का तुला?"

"नाय मागितलंस."

"मग? पडले म्हणून दया आली? तीन वर्स झाली, एक दिवस मला रडू दिलं नाय तू. ते येणार हायेत, येणार हायेत. मी रडले की म्हणायचीस, अपशकून करू नको. मह्या नवऱ्यासाठी मला रडायचं होतं, अक्का."

"रड आता," सारजाबाई म्हणाली, आणि तिला स्वतःलाच आधी रडू फुटले. बद्रीनाथ करवत ठेवून कड्याकडे जाऊन बसला.

देह नसलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. माळावर पळस भरपूर होता. सारजाबाई पाने खुडत होती, चतुराबाई डाव्या हाताने ती ओळीने लावत होती.

"एवढे लांब नव्हते," ती म्हणाली.

"होते."

"तुह्या डोळ्यांत होते. मह्या कपाळापासून फार तर एवढे." तिने डावा हात वर धरला. सारजाबाईने त्या हाताकडे पाहिले आणि खालची दोन पाने काढून घेतली.

अग्नी द्यायला नानासाहेब वर आला. वाटेत दोनदा बसला. पुतळा जळून गेल्यावर तो घाम पुसत म्हणाला, "आता दोघी बायका काय करणार हितं? गोठ्याशेजारची खोली रिकामी हाये. खाली चला."

"भावजी, घर बांधलंय की," सारजाबाई म्हणाली.

नानासाहेबाने घराकडे पाहिले. बुटके दार, खाली ओढलेली वळचण, अर्ध्या लिंपलेल्या भिंती. मग तो पायवाटेने खाली उतरू लागला.

दिवसकार्य झाल्यावर सारजाबाईने आपणहून मनकर्णाबाईला निरोप धाडला. चतुराबाईने "मी जाणार नाय" असे चार दिवस सांगितले आणि पाचव्या दिवशी विचारले, "फकिरा दारू पितो का गं?"

"मनकर्णी म्हणती, नाय."

"तिचा पुतण्या. ती काय पितो म्हणंल?"

"मग तू जाऊन बघ. प्यायला तर ये निघून. हितं जागा हाये."

हात सुटल्यावर, वैशाखाच्या अखेरीस, ती निघाली. फकिरा पलीकडच्या उतारावर थांबला होता, जवळ यायचे धाडस न करता. चतुराबाईने गाठोडे खाली ठेवले, वाकून थोरलीच्या पायांना हात लावला आणि सरळ होताना विचारले, "भ्या वाटंल का तुला?"

"वाटंल," सारजाबाई म्हणाली. "मग सवय व्हईल. जा, ऊन चढतंय."

चतुराबाई उतरू लागली. वळणावर तिने मागे पाहिले की नाही हे सारजाबाईला कळले नाही, कारण ती स्वतः तोवर घराकडे वळली होती. मागच्या भिंतीसाठी सकाळी तुडवलेला चिखल सुकत आला होता. तिने त्यावर पाणी शिंपडले, लुगडे खोचले आणि पहिला गोळा उचलून भिंतीवर थापला.